बराकीतून बाजारपेठेकडे
फाळणीनंतरच्या निर्वासितांना सरकारने काय दिले आणि कशाने धंदा उभा राहिला

कापडाचा, फर्निचरचा किंवा तयार कपड्यांचा धंदा करणारा आणि उल्हासनगरचा माल कधीच न हाताळलेला वाचक आमच्या पाहण्यात नाही. तिथल्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा घ्यायचा, हा विनोद तर आता शिळा झाला. विनोद करणारे आणि त्यावर हसणारे माल मात्र तिथूनच उचलतात. जीन्सच्या पँटी, पडद्याचे कापड, लाकडी कपाटे, बेकरीचा माल असे काय हवे ते मिळते आणि भावात दोन पैसे सुटतात.

ही बाजारपेठ जिथे उभी आहे तिथे ऐंशी वर्षांपूर्वी बाजार नव्हता, गाव म्हणावे अशी वस्तीही नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळ सैनिकांना तात्पुरते ठेवण्यासाठी बराकी बांधल्या होत्या. युद्ध संपले, सैनिक गेले आणि बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना इथून निघालेली सिंधी कुटुंबे बोटींनी आणि गाड्यांनी मुंबई इलाख्यात येऊ लागली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि हा ओघ फारच वाढला. सरकारने या कुटुंबांना कल्याणच्या बराकींत ठेवले. पाच छावण्या मिळून सुमारे एक लाख माणसे झाली. एकेका लांबलचक बराकीत गोणपाट किंवा साड्या टांगून घरे पाडलेली, नळावर रांग आणि संडासासाठीही रांग. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र अजून 'कॅम्प नंबर दोन', 'कॅम्प नंबर चार' हेच पत्ते आहेत.

सिंधी माणूस मुळातच व्यापारी, तो कुठेही तरला असता, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. व्यापारी माणसालाही पहिला माल उचलायला पैसा लागतो, बसायला जागा लागते आणि ती जागा उद्या कोणी काढून घेणार नाही याची खात्री लागते. या तीन गोष्टी कशा मिळाल्या ते पाहण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. यामागे आमचा स्वतःचा एक अनुभवही आहे, तो ओघात येईलच.

फुकट रेशन किती दिवस?

सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्र सरकारने मदत आणि पुनर्वसनाचे वेगळे खाते काढले. पहिले काम अर्थातच पोटाचे आणि निवाऱ्याचे होते. पंजाबात कुरुक्षेत्र येथे सगळ्यांत मोठी छावणी उभी राहिली आणि १९४७ च्या अखेरीस तिथे सुमारे तीन लाख माणसे तंबूत राहत होती. अन्न, कांबळी, औषधे सारे सरकारी होते. १९५१ च्या शिरगणतीत देशभर सुमारे ७३ लाख विस्थापितांची नोंद झाली. एवढ्यांना बसून खाऊ घालणे कोणत्याही तिजोरीला झेपणारे नव्हते.

दुसरी अडचण अशी की छावणीत महिनोन्‌महिने रिकामे बसले की हात बसतात. छावण्यांत काम केलेल्या अनेकांनी हे त्या वेळीच सांगितले होते. म्हणून शिधा हळूहळू बंद करून त्याऐवजी काम, कर्ज, जागा आणि शिक्षण द्यायचे असे धोरण ठरले. उत्तरेत या लोकांना 'शरणार्थी' म्हणत. त्यांतल्या बऱ्याच जणांना तो शब्द बोचे आणि ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. शिधा थांबवताना सरकारवर टीका झाली, मोर्चे निघाले. काही ठिकाणी शिधा थांबला तरी काम आलेले नव्हते, त्यामुळे लोकांचा राग खोटा नव्हता.

कर्जाची रचना

व्यापारी वाचकांना यातला कर्जाचा भाग सर्वांत उपयोगी वाटेल. छोटा दुकानदार, फेरीवाला, कारागीर, डॉक्टर, वकील अशांना राज्य सरकारांमार्फत पाच हजार रुपयांपर्यंतची लहान कर्जे मिळत. त्याहून मोठ्या धंद्यासाठी किंवा कारखान्यासाठी १९४८ साली खास कायदा करून 'रिहॅबिलिटेशन फायनान्स ॲडमिनिस्ट्रेशन' ही संस्था काढली गेली. त्या काळी बँकेच्या दारात जाऊन 'माझे घर, दुकान, गोदाम सगळे सक्करला राहिले' असे सांगितले असते तर बँकेने चहाही पाजला नसता. बँक तारण मागते आणि निर्वासिताकडे तारण नसते. त्याची पत त्याच्या गावात आणि त्याच्या पेढीत असते, आणि ते दोन्ही मागे राहिलेले असते. हा खड्डा सरकारने भरून काढला. कर्जाच्या पैशातून जो माल किंवा जी यंत्रे घेतली जातील तीच बहुतेक तारण धरली जात.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहत, मागणीच्या मानाने मंजुरी थोडी होई आणि वसुलीही पुष्कळ थकली. कर्ज घेऊन काहींनी मुलीचे लग्न केले, काहींनी आजारपण निभावले. आम्ही यासाठी त्यांना बोल लावणार नाही. ज्याच्या घरात धान्य नाही त्याच्या हातात भांडवल दिले तर आधी धान्यच येणार. पोटाची सोय आणि भांडवल या दोन वेगळ्या थैल्या असल्या पाहिजेत. एक रिकामी असली की दुसरीला हात लागतो.

उल्हासनगरच्या जुन्या लोकांकडून जे ऐकायला मिळते त्यात सरकारी कर्जापेक्षा उधारीचा उल्लेख जास्त येतो. मुंबईच्या घाऊक बाजारातून सकाळी माल उचलायचा, लोकल गाडीत, रस्त्यावर, दारोदार विकायचा आणि संध्याकाळी पैसे चुकते करायचे. नफा अगदी थोडा ठेवायचा, पण माल रोज फिरवायचा. घरात बायका पापड, लोणची, बिस्किटे, मिठाई करीत आणि मुले ती विकीत. आधी आलेल्या नातेवाइकाने नंतर आलेल्याला माल मिळवून द्यायचा आणि त्याच्या वतीने शब्द टाकायचा. हे सरकारने शिकवले नव्हते, ते त्यांच्या अंगी होते. पण रात्री परतायला बराक होती, मुलांना शाळा होती आणि मुंबईला जाणारी रेल्वे दाराशी होती. डोक्यावरच्या छपराचे भाडे रोजच्या कमाईतून द्यावे लागले असते तर दोन पैशांच्या नफ्यावर माल फिरवणे त्यांना परवडले नसते.

जागेचा कागद

तिसरी गोष्ट मालकीची. मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल १९५० साली क्लेम मागवण्याचा कायदा झाला आणि १९५४ साली नुकसानभरपाईचा. सरकारने एक पूल केला. भारतातून पाकिस्तानात गेलेल्यांच्या ताब्यात घेतलेल्या मालमत्ता त्यात आल्या आणि सरकारने स्वतःचीही भर घातली. पूल क्लेमच्या मानाने अपुरा होता. म्हणून लहान क्लेमवाल्याला प्रमाणाने जास्त आणि मोठ्याला प्रमाणाने कमी, अशी उतरती पट्टी लावली. पंजाबात शेतजमिनीच्या बाबतीतही हेच तत्त्व होते. तिथे तरलोक सिंग या अधिकाऱ्याने पिकाच्या उत्पन्नावरून 'स्टँडर्ड एकर' हे माप ठरवले आणि जितकी मोठी जमीन तितकी मोठी कपात केली.

भरपाई नेहमी रोख मिळाली नाही. पुष्कळांना ते राहत होते ते सरकारी घर किंवा ते चालवत होते ते दुकानच भरपाईपोटी मिळाले आणि आधी घेतलेले कर्ज त्यातून वळते झाले. कागदोपत्री पाहिले तर हातात काहीच आले नाही. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर भाडेकरू होता तो मालक झाला, आणि मालकीच्या कागदावर पुढचे कर्ज बँकेतून मिळू लागले. दिल्लीची खान मार्केट सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९५१ साली बांधली गेली आणि डॉ. खान साहेबांचे, म्हणजे बादशाह खान यांच्या थोरल्या भावाचे, नाव तिला दिले गेले. ती आज देशातल्या सर्वांत महाग बाजारांत मोजली जाते.

आता या पुलात आलेल्या मालमत्तांविषयी. हा विषय आमच्या वाचकांना टोचणारा आहे, म्हणून तो टाळणे आम्हांला बरे वाटत नाही. जे पाकिस्तानात गेले त्यांची घरेदुकाने कस्टोडियनकडे गेली, पलीकडेही तसेच झाले. एवढ्यापुरते ते समजण्यासारखे होते. पण १९४९ च्या वटहुकुमाने 'जाण्याच्या बेतात असलेला' अशीही एक वर्गवारी आणली. ज्याने पलीकडे पैसे पाठवले, ज्याचा भाऊ किंवा मुलगा तिकडे गेला, त्याच्यावर संशय येऊ शकत होता. इथेच राहिलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यासाठी याचा अर्थ काय झाला हे सांगायला नको. ज्याचे दुकान उद्या कस्टोडियनच्या ताब्यात जाईल अशी भीती असते त्याला उधार माल कोण देणार, आणि त्याची इमारत तारण कोण घेणार? एकाची पत उभी करणाऱ्या त्याच यंत्रणेने दुसऱ्याची पत डळमळीत केली. दोघेही आपापल्या परीने निरपराध होते. पंडित नेहरूंनी या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी वेळोवेळी नाराजी व्यक्त केली होती. शेवटी ७ मे १९५४ नंतर कोणतीही मालमत्ता नव्याने 'इव्हॅक्युई' ठरवायची नाही अशी दुरुस्ती झाली, आणि २००५ साली हे जुने कायदे रद्दच झाले. आमच्या घरोघरच्या पेट्यांत त्या वेळचे कागद अजून सापडतात. ते जपून ठेवावेत.

माणसे बदलली, माग तेच

कारागीर वाचकांनी पानिपतकडे पाहावे. तिथले मुस्लिम विणकर पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी तिथे माग लावले. पानिपतच्या कांबळ्या आणि चटया आज देशभर जातात. सियालकोटचा क्रीडासाहित्याचा धंदा फाळणीने दुभंगला. तिथले अनेक हिंदू कारखानदार जालंधर आणि मेरठला येऊन बसले, पलीकडे राहिलेल्या कारागिरांनी सियालकोट पुन्हा उभे केले. आज क्रिकेटची बॅट घेताना जालंधर-मेरठची घेतो आणि फुटबॉल म्हटले की सियालकोटचे नाव निघते. एका धंद्याची दोन घरे झाली आणि दोन्ही चालली. कसबी हात कुठेही गेला तरी कसब बरोबर नेतो. नेता येत नाही ती बाजारपेठ.

ही गोष्ट नवी गावे वसवताना फार कठोरपणे समोर आली. कर्नालजवळ निलोखेडी येथे एस. के. डे यांनी कुरुक्षेत्रच्या छावणीतले प्रशिक्षण केंद्र हलवून दलदलीच्या जमिनीवर एक गाव उभे केले. सुतारकाम, लोहारकाम, छापखाना, दुग्धशाळा असे सारे सहकारी पद्धतीने चाले. कल्पना उत्तम होती आणि पुढे १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमाला तिथूनच प्रेरणा मिळाली. पण गावाने केलेला माल गावाबाहेरच्या कारखान्याच्या मालाशी भावात टिकेना. दिल्लीजवळच्या फरिदाबादला सरहद्द प्रांतातले निर्वासित वसवले गेले. त्यांनी राजस्थानात जायला साफ नकार दिला होता. तिथे ठेकेदार न नेमता निर्वासितांच्याच सहकारी संस्थांनी घरे आणि रस्ते बांधले. सुधीर घोष, कमलादेवी चट्टोपाध्याय, लक्ष्मीचंद जैन ही मंडळी त्यामागे होती. ज्यांनी आयुष्यात कधी थापी धरली नव्हती त्यांनी भिंती रचल्या आणि मजुरी घेतली. बांधकाम संपले तसे ते कामही संपले आणि सहकारी प्रयोग पुढे मोडीत निघाला. तरीही फरिदाबाद टिकले, कारण दिल्ली जवळ होती, वीज होती आणि बाटासारखे कारखाने तिथे आले. निलोखेडीचे फरिदाबाद झाले नाही.

सर्वांत वाईट अनुभव पूर्व बंगालच्या निर्वासितांना आला. १९५० च्या नेहरू-लियाकत करारात त्यांचा मागच्या मालमत्तेवरचा हक्क कायम धरला होता. म्हणून त्यांना पश्चिमेच्या निर्वासितांसारखी भरपाई मिळाली नाही, तो हक्क मात्र कागदावरच राहिला. १९५८ पासून त्यांतल्या अनेक शेतकरी कुटुंबांना ओरिसा आणि मध्य प्रदेशातल्या दंडकारण्यात नेले. आपल्याकडे गडचिरोलीतही अशा वसाहती झाल्या. भातशेती आणि मासेमारी करणारी, पाण्याच्या काठावर वाढलेली ही माणसे कोरड्या, दगडाळ जंगलात बसवली गेली. १९७८ मध्ये त्यांतली हजारो माणसे उठून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेली आणि १९७९ मध्ये पोलिसी बळाने त्यांना तिथून हुसकावण्यात आले, त्यात माणसे मेली. सरकारी जमीन, बैल आणि कर्ज त्यांना मिळाले होते. त्यांचे कसब उपयोगी पडेल अशी जागा मिळाली नाही.

कोल्हापूरच्या वाचकांना एक जवळचे उदाहरण आहे. वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधले सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. ते गेल्यावर त्याच वसाहतीत सिंधी निर्वासित आले, आणि आज गांधीनगर म्हणून कापडाची जी घाऊक बाजारपेठ दक्षिण महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे ती तिथलीच. जागा एकच होती. पोलिश लोकांना तिथे कायम राहायचे नव्हते, त्यांचा खर्च लंडनमधल्या त्यांच्या सरकारकडून येई आणि ते वाट पाहत होते. सिंधी लोकांना परत जायला गाव नव्हते. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या दुकानदारांना जवळचा घाऊक माल हवा होता. तो त्यांना मिळाला.

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वी दंगलीत घर आणि दुकान गमावलेल्या कुटुंबांसाठी एका मदत समितीत आम्ही होतो. जकातीचा आणि देणग्यांचा पैसा चांगला जमला. बैठकीत कोणीतरी म्हणाले, शिलाई मशीन वाटू. सर्वांना पटले, फोटोही छान आले. सहा महिन्यांनी पाहणी केली तेव्हा बहुतेक मशीन विकलेली होती. बायका म्हणाल्या, "भाईसाब, मशीन मिळाली, पण कापड कोण देणार, शिवलेले कोण घेणार?" आम्ही यंत्र दिले होते. खेळते भांडवल दिले नव्हते आणि गिऱ्हाईक दाखवले नव्हते. त्याच मोहल्ल्यात एका तरुणाला त्याच्या मामाने दोन गोण्या कांदा उधार दिला होता, तो मात्र तेव्हाही हातगाडीवर उभा होता आणि पैसे फेडून मोकळा झाला होता. समितीच्या हिशेबात त्या मामाचे नाव कुठेच नव्हते.

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली. उल्हासनगरला जाताना हेच स्टेशन वाटेत लागते. त्यांना बराकी नव्हत्या, क्लेम नव्हता, वेगळे वित्त खाते नव्हते. तरीही तिथे बाजार उभा राहिला, कारण मुंबईची रेल्वे होती आणि एकमेकांची उधारी होती. पण इमारतींचे कागद कच्चे राहिले. त्या कागदावर बँक कर्ज देत नाही, म्हणून वीस-पंचवीस वर्षे चाललेला कारखानदारही खाजगी सावकाराच्या दराने पैसा उचलतो. आमच्या परिचयाच्या काही जणांनी यासाठी सोसायटीची नोंदणी आणि जागेची अभिहस्तांतरणे पूर्ण करण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांतल्या एका जरीकाम करणाऱ्या गृहस्थाने परवा आम्हांला सांगितले की कागद झाले तर पहिले काम म्हणजे सावकाराचे पैसे फेडून दोन नवे अड्डे टाकायचे. इमारतीतल्या चोवीस घरांपैकी एकोणीस जणांच्या सह्या झाल्या आहेत. उरलेले पाच जण गावी असतात.